राफ्टला बांधलेली बाई

माझ्या नाकावर राग असतो असं माहेरी सगळे म्हणत, आणि सासरी त्याची लवकरच खात्री पटली. पण अलास्काच्या नदीवर मला जो राग आला तो नाकावरचा नव्हता. तो अजून उतरलेला नाही. आधी नवऱ्याचा आला, मग मुलीचा, आणि शेवटी माझा स्वतःचा. हा शेवटचाच सगळ्यात जास्त जाळतो.

आमची एकुलती एक मुलगी उन्हाळ्यात अलास्काच्या पार उत्तरेला नदीवर गाइडचं काम करते. जिथे रस्ता नाही, फोन लागत नाही, अशा ठिकाणी लोकांना छोट्या विमानाने न्यायचं, रबरी राफ्टमध्ये बसवायचं आणि दहा दिवसांनी खाली कुठेतरी पुन्हा विमानात घालून द्यायचं. हे सगळं मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन. मिशिगनमध्ये, आमच्या नोव्हाय गावात, कुणी चौकशी केली की नवरा सांगायचा, "ती आउटडोअर मॅनेजमेंटमध्ये आहे." लोक "अच्छा" म्हणून पुढचा समोसा उचलायचे आणि मी चटणी पुढे करायचे.

या वर्षी पहिल्यांदाच तिला ट्रिपची लीडर केलं होतं. दोन राफ्ट, सहा पाहुणे, ती आणि तिच्या हाताखाली आणखी एक गाइड. ही ट्रिप नीट पार पडली तर पुढचा सगळा सीझन तिच्याकडे येणार होता. "तुम्ही या ना," ती म्हणाली, आणि इतकी वर्षं टाळून आम्ही शेवटी गेलो.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो तीस वर्षं गाड्यांच्या सीट बेल्टवर काम करतोय. धडक बसली की माणूस किती इंच पुढे जातो, यावर त्याचं आयुष्य गेलं. आमच्या गाडीत मागच्या सीटवरचा शेवटचा माणूस बेल्ट लावेपर्यंत गाडी हलत नाही, मग ती मंगळागौरीला निघालेल्या बायकांनी भरलेली असली तरी. आणि मला पोहता येत नाही. नागपूरला आमच्या घरातल्या मुलींना तलावावर पाठवत नसत. इथे कम्युनिटी सेंटरच्या स्विमिंग पूलमध्ये दोनदा उतरले आणि दोनदा बाहेर आले.

पहिल्या दिवशी नदीकाठच्या गोट्यांवर उभं राहून मुलीने सगळ्यांना सूचना दिल्या. पाण्यात पडलात तर पाय वर आणि पुढे ठेवा, पाठीवर तरंगा, उभं राहायला जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगाला काहीही बांधलेलं नको. दोरी नको, बॅगेचा बंद नको. राफ्ट उलटली की बांधलेला माणूस तिच्याखाली अडकतो. रोज सकाळी निघण्यापूर्वी ती प्रत्येकाजवळ जाऊन, डोळ्यांत बघून एकच प्रश्न विचारायची: काही बांधलेलं नाहीये ना?

"हे उलटं आहे," नवरा माझ्या कानाशी मराठीत म्हणाला. "बाहेर फेकला जातो तोच मरतो. तीस वर्षं मी काय करतोय?"

"मग तिला सांग."

"चारचौघांत? तिचं हसं होईल." केवढं ते मन!

चौथ्या दिवशी अवघड वळण होतं. पाणी तिथे थेट कड्यावर जाऊन आदळतं, असं मुलीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सकाळी तंबूत नवऱ्याने बॅगेच्या तळातून काळा पट्टा काढला. त्याच्या लॅबमधला, सीट बेल्टचा. म्हणजे मिशिगनहून निघतानाच त्याचं ठरलं होतं! त्याने तो माझ्या कमरेला गुंडाळला आणि वरून लाइफ जॅकेट चढवलं. दिसू नये म्हणून.

"तुला पोहता येत नाही," तो म्हणाला. "तू वाहून गेलीस तर मी काय करू?" त्याने माझ्या जॅकेटचं प्रत्येक बक्कल दोनदा ओढून पाहिलं. हेही सांगायला हवं, कारण तो वाईट माणूस नाही. पण बायकोवर जीव आहे म्हणून अक्कल असतेच असं नाही.

मी नाही म्हणू शकत होते. सूचना मी ऐकल्या होत्या, माझं इंग्रजी काही इतकं कच्चं नाही. तरी मी मुकाट्याने राफ्टमध्ये बसले, आणि त्याने माझ्या मागे वाकून पट्ट्याचं टोक राफ्टच्या सांगाड्याच्या लोखंडी नळीला बांधलं, वर बॅग ठेवली. तेवढ्यात मुलगी आली.

"आई, काही बांधलं नाहीये ना?"

आमच्या राफ्टमध्ये ओहायोचं एक डेंटिस्ट जोडपं होतं. दोघं माझ्याकडे पाहत होते. नवरा डोंगराकडे पाहत होता.

"नाही गं," मी म्हटलं.

का म्हटलं? खरं सांगितलं असतं तर मुलीने परक्यांसमोर बापाला झापलं असतं. आणि चारचौघांत नवऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही हे मी तीस वर्षं सांभाळलंय. तो रस्ता चुकला की मी म्हणते, मीच सांगितला. त्याने भाजी खारट केली की मीठ मी घातलेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी पोटच्या पोरीसमोरही उघडली नाही, आणि आत माझाच जीव होता.

वळणावर राफ्ट कड्यावर चढली आणि पलटी झाली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. पाणी इतकं गार की श्वासच येईना. डोक्यावर राफ्टचा तळ. लाइफ जॅकेट मला वर ढकलतंय आणि कमरेचा पट्टा मागे ओढतोय. मला देव आठवला नाही. मला नवऱ्याचा संताप आला आणि वाटलं, आता मी रागातच मरणार. मग कुणाचा तरी हात माझ्या पोटाशी चाचपडला, आणि पट्टा सुटला.

सुटला नाही, कापला. मुलगी माझ्यासाठी राफ्टच्या खाली शिरली होती. गाइडच्या जॅकेटवर सुरी असते ती कशाला, हे मला तेव्हा कळलं. डेंटिस्ट जोडप्याला आणि माझ्या नवऱ्याला मागच्या राफ्टने उचललं. सांगितलं होतं तसे पाय वर करून ते मजेत तरंगत होते. नवरासुद्धा.

काठावर मी पाणी ओकत होते, आणि मुलगी ओरडत होती. बापावर नाही, माझ्यावर. "यू सेड नो! आई, मी तुला विचारलं होतं! यू लुक्ड ॲट मी अँड सेड नो!"

मग ती पुन्हा गाइड झाली. तिने मला कोरडे कपडे दिले, गरम सूप दिलं, नाडी तपासली. जे पाहुण्यांसाठी करतात ते सगळं केलं. मग दुपारी एका ओंडक्यावर बसून ती अपघाताचा रिपोर्ट लिहू लागली. तो ऑफिसला द्यावाच लागतो. नवरा तिच्याजवळ गेला. "बॅगेचा बंद अडकला असं लिही ना. खोटंही नाही तसं."

ती लिहीत राहिली. मी मागून जाऊन वाचलं. तिने लिहिलं होतं की गाइडने प्रवाशांची तपासणी नीट केली नाही.

"तू तर विचारलं होतंस," मी म्हटलं.

"आय नो."

"मग हे काय?"

"मग काय लिहू? माय मॉम लाइड? ऑफिसमध्ये सगळे वाचतात, आई. तुम्हाला सगळे हसतील."

"आणि तुझा सीझन?"

तिने खांदे उडवले. "गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोर इथे जन्मली, इथे वाढली, बापाला तोंडावर चूक म्हणते, अस्वलांच्या प्रदेशात तंबू ठोकून राहते. माझं काहीही हिने घेतलं नाही, असं मी वर्षानुवर्षं मैत्रिणींना रडून सांगत आले. आणि घेतलं ते नेमकं हेच! कधी शिकवलं होतं मी हे? न शिकवताच.

"खोड ते!" मी ओरडले. नदीपेक्षा मोठ्याने. डेंटिस्टीणबाईंच्या हातातला कप हिंदकळला.

"अगं, हळू," नवरा म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत!"

मुलीने खोडलं नाही. मग मीच तिच्या हातातलं पेन हिसकावलं, ती ओळ खोडली, आणि खाली माझ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं की तिने विचारलं होतं, मी खोटं बोलले, आणि पट्टा माझ्या नवऱ्याने बांधला होता. खाली सही केली. अक्षर फार वाईट आलं, बोटं अजून गारठलेलीच होती.

मग पेन नवऱ्यापुढे धरलं. "कर सही."

"नंतर करतो," तो म्हणाला. "जरा सगळे शांत होऊ देत."

"आत्ता," मी म्हटलं, आणि सगळ्यांच्या देखत पेन त्याच्यापुढे धरून उभी राहिले.