माकडाने गिळलेला मुखडा

माळ्यावर एक कॅसेट सापडली. शाळेत असताना घरच्या कॉम्प्युटरवर मी माकडाचा एक खेळ रचला होता, तो तिच्यात होता. तेव्हा खेळ कॅसेटवरच साठवायचे. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, म्हणून कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावली. खेळ म्हणून ऐकू आली ती नुसती कर्कश किंचाळी! मी मात्र मैफलीत बसल्यासारखा डोलत होतो.

किंचाळी संपली आणि आईचा तरुण आवाज आला, थेट अंतऱ्यापासून.

शेजारी बसलेली आई म्हणाली, "मेल्या, माझ्या गाण्यावर खेळ भरलास होय?"

मी कान पकडले.

"बरं, ते माकड उडी तरी मारायचं का रे?"

मी गोंधळलो. आईचा अख्खा मुखडा गिळून ते माकड कधी जागचं हललं होतं का, हेच मला आठवेना.