दाभणबाईवर कोणी रागवत नाही

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला दाभणबाई म्हणत. हातात सदा दाभण आणि जीभही तशीच. वीस वर्षं तिनं वह्या-पुस्तकं शिवली आणि वीस वर्षं मालकाशी भांडली. पुठ्ठ्याला चिकटवायची खळ जरा जास्त लागली की मालक कारखाना डोक्यावर घ्यायचा, आणि ही त्याला एकाच्या दोन ऐकवायची.

मग डावा स्तन काढावा लागला. उपचार संपून वर्ष झालं, तपासण्या चांगल्या आल्या, ती कामावर परतली. पण सगळं जग एकदम गोड होऊन बसलेलं. नवरा कशालाही "तू म्हणशील तसं" म्हणायचा, आणि ती कपडे बदलायला लागली की खोलीबाहेर जायचा. जन्मभर उभा दावा मांडलेली नणंद "वहिनी, तुम्ही बसा" म्हणत भांडी घासायची. कारखान्यात तिला खिडकीशी, पाठीला उशी देऊन, नुसती पानं मोजायला बसवलं होतं. त्या उशीचा तिला मनस्वी संताप यायचा. मी चांगली जिवंत आहे आणि यांनी मला आत्तापासूनच फोटोत बसवलंय.

शेवटी हट्ट करून तिनं शाळेचं एक जाडजूड हजेरीपुस्तक बांधायला मागून घेतलं आणि मुद्दाम पुठ्ठा उलटा चिकटवला. शाळेचं नाव खाली डोकं वर पाय. आता आभाळ कोसळेल म्हणून ती पदर खोचून तयारीत बसली.

मालकानं पुस्तक पाहिलं, चष्मा पुसला. असू दे, होतं असं, म्हणत स्वतःच पुठ्ठा सोडवायला लागला. तिचं डोकंच फिरलं. तिनं पुस्तक ओढून घेतलं.

"मुद्दाम लावलंय उलटं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर हाकलून दिलं असतं तुम्ही. मला का बोलत नाही? मी मरणार असं धरून चाललाय का?"

मालकाची नजर तिच्या पाठीमागच्या उशीकडे गेली. "थोरल्या बहिणीला फार बोललो होतो मी. तिच्या शेवटच्या महिन्यात."

"मी तुमची बहीण नाही. बोला."

त्यानं घसा खाकरला. अक्कल गहाण टाकली होती का, आज संध्याकाळच्या आत सरळ करून दे, असं म्हणाला खरा. पण आवाज मध्येच फाटला. राग उसना होता, कोणालाही कळलं असतं. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त चीड आली. तिनं उशी जमिनीवर टाकली आणि पुठ्ठा सोडवायला सुरी हातात घेतली.

"आज नाही जमणार. उद्या देईन."

"तू म्हणशील..." मालक बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "आजच."