प्रूइटची मिठाची गुळणी

वेंडेल प्रूइटचा बाप कॅन्ससमध्ये गुराढोरांचे लिलाव पुकारायचा. बोलणाऱ्याची मातीही विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे वेंडेल पाळण्यातच शिकला असावा. हॉलिवूडला तो आला घोडे सांभाळायला. एकदा घोडेस्वारांच्या मोठ्या दृश्यात दिग्दर्शकाचा कर्णा टापांखाली चेपला, तेव्हा या पठ्ठ्याने नुसत्या गळ्याच्या जोरावर सगळे स्वार टेकडीवरून खाली उतरवून दाखवले. वर्षभरात तो स्वतःच दिग्दर्शक झाला. आमच्या गावात तेव्हा दिग्दर्शक असेच व्हायचे, त्यासाठी कॉलेजात जावं लागत नसे.

मूकपटाचे दिवस होते. कॅमेरा फिरू लागला की त्याच्या शेजारी तिपाईवर बसून प्रूइटच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "विनी, बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या बघ. ऊठ. नाही, आपला नाही, शेजाऱ्याचा आहे. बस खाली. काही झालं नाही असं दाखव. नाही ना जमत? मग रड, बाई, रड." कोपऱ्यात एक म्हातारा फिडल वाजवत असायचा आणि विनी, म्हणजे आमची नटी विनिफ्रेड केल, खरोखर रडायची. विनीचे डोळे आणि प्रूइटची जीभ एकाच नळाला जोडलेत, असं लोक चेष्टेने म्हणत. म्हणोत बापडे. त्या दोघांचे चित्रपट पाहून आयोवापासून ऑरेगनपर्यंतच्या बायकांनी पदर नसतानाही डोळे पुसले आहेत, हे आम्ही आजही अभिमानाने सांगतो.

मग बोलपट आला. कॅमेऱ्याचा आवाज येतो म्हणून त्याला कॅमेरामनसकट एका बंद खोक्यात कोंडलं. फिडलवाल्या म्हाताऱ्याला घरी बसवलं. मायक्रोफोन फुलदाणीत लपला. टेलिफोन कंपनीतून आलेला स्प्रॅग नावाचा ध्वनीवाला कानाला यंत्र लावून काचेमागे बसला आणि त्याचा शब्द म्हणजे वेदवाक्य झालं. खोकायचं नाही, खुर्ची ओढायची नाही आणि दिग्दर्शकाने तर ब्रही काढायचा नाही.

प्रूइटला हे कळत नव्हतं असं नाही. पण तीच तर त्याची कला होती. चित्रण सुरू झाल्याचा दिवा लागला, विनी टेबलाशी आली की त्याच्या ओठांतून आपोआप निघायचं, "सावकाश." लगेच काचेमागून स्प्रॅग हात हलवायचा. फिल्म वाया. पुन्हा घ्यायचं, पुन्हा कुठेतरी "आता वळ" व्हायचं आणि पुन्हा फिल्म वाया. तो कसाबसा गप्प राहिलाच, तर विनी खांबासारखी उभी राहायची. त्या आवाजाशिवाय तिने आयुष्यात अभिनय केलाच नव्हता. तो बोलला तर दृश्य फुकट आणि न बोलला तर बाई फुकट, अशी दोन्हीकडून कोंडी झाली.

स्टुडिओचे मालक ऑर्डवे मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी प्रूइटला बोलावून सांगितलं की शेवटचं दृश्य शुक्रवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर न्यूयॉर्कच्या नाटकातला एक दिग्दर्शक सोमवारी हजर होतो आहे. त्याच्यासोबत नटीही नवी येईल. आपली नोकरी गेली तर घोडे होतेच, पण विनीला कोण विचारणार, या विचाराने प्रूइटला घास गोड लागेना.

घरी त्याने बायकोला, एडनाला, सगळं सांगितलं. एडनाची जीभही काही कमी नव्हती. "लग्नात पाद्रीबाबांच्या आधी तूच 'हो' म्हणाला होतास," ती म्हणाली, "तू काय गप्प बसणार?" मग मटणाच्या रश्शाचं भांडं त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "हे बघ, पोरांना पहिल्या दिवशी शाळेत नेताना मी वाटभर काय काय बजावलं होतं. पण फाटकाशी आल्यावर मी मागे फिरलेच ना? त्यांच्या शेजारी आत बाकावर जाऊन बसले नाही."

प्रूइट त्यावर काहीच बोलला नाही. आजारी पडलाय की काय, असं एडनाला वाटलं.

शुक्रवारी त्याने स्प्रॅगला यंत्र बंद ठेवायला सांगितलं. दृश्य साधं होतं. युद्धावर गेलेला मुलगा आज परत येणार म्हणून आईने त्याचं ताट मांडून ठेवलं आहे, आणि दारात येतो तो त्याचा मित्र, मुलगा गेल्याचं सांगायला. प्रूइट तिपाईवर बसला आणि अगदी जुन्यासारखा बोलला. बाहेर पाऊल वाजलं इथपासून ते "आता एप्रन तोंडाला लाव आणि रड" इथपर्यंत त्याने विनीला हाताला धरून नेल्यासारखं नेलं. विनी ढसाढसा रडली. खोक्यातला कॅमेरामनही नाक ओढत होता.

"डोळे पुसू नकोस," प्रूइट तिला म्हणाला. "आत्ता जे चाललंस तीच वाट पुन्हा चालायची. मी फाटकाशी थांबतो."

"आणि वाट चुकले तर?" विनीने विचारलं.

"तर खुशाल चूक. रस्ता तुझ्या पायाखालचाच आहे."

स्प्रॅगचं यंत्र सुरू झालं आणि दिवा लागला. प्रूइटने मिठाची गुळणी धरली. नुसती म्हणायची नव्हे, हातरुमालाचा बोळा करून त्याने खरोखर दातांत धरला होता. विनी दाराकडे वळली. तो जिथे जिथे बोलला असता तिथे ती जराशी थांबत होती, जणू ऐकून घेत होती. मित्राने जे सांगायचं ते सांगितलं. तिने एप्रन उचलला. आता तोंडाला लावणार, असं वाटत असताना तिचा हात मधेच थांबला. तिने त्या एप्रनने मुलाचं ताट पुसलं. ताट स्वच्छच होतं, तरी कडेकडेने पुसलं आणि मित्रापुढे ठेवलं. "बस," ती म्हणाली, "लांबून आला आहेस."

हे ना पटकथेत होतं, ना प्रूइटच्या बोलण्यात. प्रूइटच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तोंडात बोळा होता. दिवा विझला तरी बोळा काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. शेवटी स्प्रॅग काचेमागून उठून आला आणि त्याने तो काढून हातात दिला.

शनिवारी ऑर्डवेंनी ते दृश्य पाहिलं. खोलीत ते, प्रूइट आणि विनी तिघेच होते. उजेड झाल्यावर ऑर्डवे बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"ते ताटाचं तिला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

'मीच सांगितलं,' एवढं प्रूइटने म्हणायचा अवकाश होता. आमच्या धंद्यात कुणीही तेच म्हणालं असतं, आणि विनीने तर होकारार्थी मान हलवायला घेतलीच होती.

"कुणीच नाही," प्रूइट म्हणाला. "मी तिला रडायला सांगितलं होतं. हे तिचं आहे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे."

"मग तू काय केलंस?"

"मी गप्प बसलो, साहेब."

ऑर्डवेंनी चष्मा चढवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू?"

"अख्खं दृश्य," विनी म्हणाली. "शप्पथ सांगते."

ऑर्डवेंनी टेलिफोन उचलला आणि न्यूयॉर्कच्या माणसाला येऊ नकोस म्हणून कळवायला सांगितलं. प्रूइटने आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात विनीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.