मुरबाडहून निघालेलं मशीन

मार्च महिन्यात शहापूर-मुरबाडकडे कोणी हौसेने जात नाही. मीही हौसेने गेलो नव्हतो. विक्रीकराच्या माफीचे अर्ज तयार करणाऱ्या ठाण्यातल्या एका सल्लागाराकडे मी कारकून आहे आणि मार्चअखेर जवळ आली की आमचे साहेब मला सह्या आणायला गावोगाव पिटाळतात. त्या दिवशी आटगावच्या एका कारखान्यातलं काम सकाळीच उरकलं आणि शहापूरला येऊन मी मुरबाडची जीप धरली. नऊ माणसांच्या जीपमध्ये आम्ही चौदा होतो. पंधरावा ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, अर्धा बाहेर.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताचे वाळके खुंट आणि मधूनच फुललेला पळस. किन्हवली सोडली आणि जीप पंक्चर झाली. स्टेपनीही पंक्चरच होती, हे ड्रायव्हरने फार सहजपणे सांगितलं. समोरच्या टपरीवर चहा घेताना माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मुरबाडला कंपनीत चाललाव का?"

"हो."

"राहिली हाये का एखादी?"

त्याची वरकस जमीन (डोंगरउताराची, भात न पिकणारी) मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत गेली होती. "तवा सांगलं, तुमचा भाग मागास हाये, सरकार कर माफ करतंय, कारखानं येतील. आलं. आता माफी सरली, ते चाललं. आमी हाये तितंच." बशीतला चहा संपवून तो उठला. माझ्या पिशवीत काय आहे हे त्याला सांगायची मला लाज वाटली.

पिशवीत होता एका कारखान्याचा नवा अर्ज. या कारखान्याचा पहिला अर्जही मीच टाईप केला होता, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा त्या जागी नुसता माळ होता. पंक्चर निघून मी मुरबाडला पोचलो तेव्हा तिथे बाटल्यांची झाकणं बनवणारी मोठी शेड होती आणि बाहेर दोन ट्रक लागले होते. माफीची मुदत संपली होती. कारखाना आता हिमाचलात चालला होता; तिथे नव्याने माफी सुरू झाली होती, शिवाय तिकडे इथल्यासारखी दिवसाचे सहा-सहा तास वीज जात नव्हती. मालक माणूस वाईट नव्हता. सह्या करता करता म्हणाला, "गिऱ्हाईक झाकणाचा भाव विचारतं हो, झाकण कुठल्या गावचं ते विचारत नाही. शेजारचा तिकडे गेला, मी इथे राहिलो तर सहा महिन्यांत बसेन." 

आत वंदनाताई मशीनला नंबर घालत होत्या. मुरबाडजवळच्या बौद्धवाडीतल्या या बाई कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून त्या मशीनवर. घरात पगार आणणारं पहिलं माणूस. मशीन सुटं होत होतं आणि हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन त्या प्रत्येक भागावर आकडा टाकत होत्या. बाजूला बारीक अक्षरात सूचनाही: हा बोल्ट पूर्ण आवळू नये. सकाळी आधी दहा मिनिटं रिकामं चालवावं. असं काम मी कुठल्या इंजिनियरचं पाहिलेलं नाही.

दुपारी त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकट (सुकवलेला जवळा) आणि कांदा. जेवता जेवता म्हणाल्या, "साहेब, मालक म्हनतात बघू. तुमच्या कागदात माझं नाव घाला ना. मशीन मला वळखतं. मी आन् आमचे हे, दोघं जायला तयार हावो. थंडी का, सोसू. पोरींना बहिनीकडं ठेवते."

 सांगू नये असं फार वाटलं, पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट. मी म्हणालो, "ताई, तिकडच्या सरकारची अट आहे. माफी पाहिजे तर कामगार स्थानिकच घ्यायचे. बाहेरचं माणूस चालत नाही."

"आशी आट आसते व्हय?"

"इथेही होती. तुम्हाला त्याच अटीवर घेतलं होतं."

 वंदनाताईंनी जेवणाचा डबा झाकला, हात धुतला आणि त्या पुन्हा मशीनपाशी गेल्या. उरलेल्या भागांवर नंबर घातले, एकही न चुकता. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा ब्रश फेकतील. मी असतो तर नक्की फेकला असता.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. "साहेब, तिकडं माझ्या जागी कोन बाई आसंल तिला मराठी येनार नाय. तुमी ह्या खाली हिंदीत लिवा. बोल्ट पुरा आवळला तर साचा उडतो. बोट जाईल तिचं."

मग शर्टाच्या बाह्या सारून मी दुपारभर त्या मशीनवर माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत लिहीत बसलो. वंदनाताई रंगाचा डबा धरून शेजारी उभ्या होत्या. 'यह बोल्ट पूरा मत कसना' हे मी तीनदा पुसून लिहिलं, कारण अक्षर त्यांना पसंत पडेना.

संध्याकाळच्या एसटीने कल्याणमार्गे परत आलो. बोटांना रंग लागलाच होता, तो अर्जावर उमटला, नेमका 'स्थानिक रोजगार' या रकान्यावर. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कपाळाला आठ्या घालून ते पान फाडलं आणि नवं टाईप करायला सांगितलं. मी केलं. 'सदर कारखान्यात केवळ स्थानिकांनाच काम दिले जाईल.' अकरा वर्षांपूर्वी मुरबाडसाठी लिहिलेलंच हे वाक्य. ते इंग्रजीत करून खाली गावाचं नाव तेवढं बदललं. त्याखालच्या रकान्यात माफीची मुदत होती. तीही भरली. तिकडच्या त्या बाईला अजून कामावरही घेतलेलं नाही आणि तिचं मशीन उचलून न्यायला ट्रक कधी येणार ते मला माहीत आहे.