मामेबहिणीचा गुडघा

तुझ्या शिक्षणाचं श्रेय कोणाला, असं कोणी विचारलं की मी आधी मामांचं नाव घेतो. आईवडिलांचं नंतर, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. कामणच्या आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मामा आयटीआय झालेले फिटर. आधी आखातात होते, मग अमेरिकेतल्या एका कारखान्यात लागले. तिथून ते माझी फी पाठवत आणि फीबरोबर वेळापत्रक पाठवत. पहाटे गणित, संध्याकाळी इंग्रजी, रविवारी उजळणी. बारावीचे पेपर मी अंगात ताप असताना दिले, कारण पेपर बुडाला हे मामांना सांगायची माझी छाती नव्हती. पुढे बी.कॉम. झालो.

निकाल लागला त्याच पावसाळ्यात मामांनी त्यांच्या मुलीला सुट्टीसाठी निर्मळला आजीकडे पाठवलं. ती सोळा वर्षांची होती. मी नोकरी शोधत होतो, म्हणून मलाही तिकडेच राहायला सांगितलं.

"तिची प्रॅक्टिस चुकता कामा नये," मामा फोनवर म्हणाले. "तू लक्ष ठेव. तुझ्याइतका शिस्तीचा दुसरा कोण आहे तिकडे?"

मी म्हणालो, "हो मामा."

प्रॅक्टिस फुटबॉलची. आमच्याकडे चर्चच्या मैदानावर मुलगे खेळत, कधीमधी मुलीही, पण त्यातून पुढे काही होतं हे माझ्या डोक्यातही नव्हतं. तिने ओटीवर बसून मला सगळी वाट समजावली. तिकडे अमेरिकेत लहानपणी क्लबात नाव घालायचं. क्लबातून राज्याच्या संघासाठी निवड होते. तिच्या वयोगटाची निवड ऑगस्टमध्ये होती आणि ती बघायला कॉलेजांचे प्रशिक्षक येणार होते. ज्या मुली त्यांच्या नजरेत भरतील त्यांना शिष्यवृत्ती आणि कॉलेजचा संघ मिळणार. त्याच्याही पुढे बायकांची पगारी लीग होती. ती तिकडे नुकतीच सुरू झाली होती. तिच्या खोलीत त्यातल्या एका खेळाडूचा फोटो होता म्हणे.

"आणि ऑगस्ट हुकला तर?"

"तर माझ्या जागेवर दुसरी कोणीतरी," ती म्हणाली. तिचं मराठी बोलणं अगदी आजीच्या वळणाचं होतं, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं.

मामांच्या वेळापत्रकात रोज सकाळी सहा लिहिलं होतं. पण मैदानात चिखल होता आणि पळता येण्यासारखी घट्ट वाळू कळंबच्या किनाऱ्यावर फक्त ओहोटीला मिळे. त्यामुळे आम्ही भरतीओहोटीच्या वेळेप्रमाणे जात होतो, कधी सकाळी, कधी भर दुपारी. मी नारळाच्या करवंट्या ओळीने मांडायचो आणि ती चेंडू पायात ठेवून त्यांच्या मधून पळायची. मी हातात घड्याळ घेऊन उभा असायचो. शिंपल्या वेचायला आलेली एक बाई रोज मला टोचायची, "ओ मास्तर, पोरीला पलवता आनि तुमी नुसते उभे? तुमाला बी पलवा कोनीतरी."

तिला उजवीकडे वळायचं नसतं हे मला दुसऱ्या आठवड्यात दिसलं. डावीकडे ती झटकन वळे. उजवीकडे वळायची वेळ आली की एक जादा पाऊल टाकून फेरा घेई. मी विचारलं तर म्हणाली, वाळू घसरते. त्या संध्याकाळी आजीने तिच्या गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप लावला. मोरीत पाय घसरला, असं तिने आजीला सांगितलं होतं.

लेप वाळत असताना मी शेजारी बसलो. "कधीपासून?"

"इकडे यायच्या आधीच्या मॅचपासून. दादा, पप्पांना नको सांगू."

रविवारी मामांचा फोन आला. "काय म्हणते प्रॅक्टिस?"

ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चालू आहे, मामा."

"शाब्बास."

मी फोन ठेवला. तिने मान हलवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला वसईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी सांगितलं, बाजारात जातो. डॉक्टरांनी पाय वाकवून, ओढून बघितला. म्हणाले, "आतली दोरी दुखावली आहे. फाटलीय की काय ते मुंबईला एमआरआयच्या यंत्रातच कळेल. तोवर धावणं बंद. असंच धावलीस आणि ती तुटली, तर खेळच जाईल."

परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "ऑगस्टनंतर बघू."

"तुला कळलं का ते काय म्हणाले?"

"तुला कळत नाही, दादा. पप्पा माझ्यासाठी जादा पाळी करतात. दर शनिवारी रात्रपाळी करून येतात आणि तसेच मला मॅचला घेऊन जातात. झोपत नाहीत. त्यांना काय सांगू, गुडघा दुखतो?" मग म्हणाली, "तू त्यांना कधी नाही म्हणालायस?"



दुसऱ्या दिवशी ओहोटी दुपारी होती. ती बूट बांधून तयार. मी करवंट्यांची पिशवी उचलून माळ्यावर ठेवून दिली.

"आज नाही."

"पप्पांनी तुला मला पळवायला ठेवलंय. अडवायला नाही."

"माहीत आहे."

ती एकटी निघाली. मी फाटकात उभा राहिलो. ती मला ढकलून जाऊ शकली असती, तेवढी ताकद तिच्यात होती. ती परत फिरली आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजी म्हणाली, "काय रे, मांजराकुत्र्यासारखे का वागताय?" पुढच्या रविवारी मामांचा फोन आला. मी मनाशी वाक्यं जुळवून बसलो होतो. मामांचा आवाज ऐकला आणि तोंडातून "हो मामा" एवढंच निघालं.

मग एका सकाळी ती ओटीच्या पायरीवरून उतरत होती. हातात फक्त चहाचा कप. पळणं नाही, वळणं नाही, आणि तिचा गुडघा आतल्या आत सरकला. खांब धरला म्हणून वाचली. कप अंगणात फुटला. ती तशीच खांबाला धरून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, साधी पायरी होती."

मी तिला खाली बसवलं.

मी कपाचे तुकडे गोळा करत असताना ती म्हणाली, "पप्पांना तू सांग. मी सांगितलं तर मी रडेन. मग ते म्हणतील, ठीक आहे बेटा, आणि घरच्या गॅरेजमध्ये जाऊन एकटे बसतील."

फोनवर मला जमणार नाही हे आता दोघांनाही माहीत होतं. तिचं विमान पुढच्या आठवड्यात होतं, निवड त्यानंतर. मी पत्र लिहून तिच्याच हाती द्यायचं ठरवलं. लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी 'बिचारी' लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं. शेवटची ओळ तिची आहे.

ती. मामा,

हे पत्र तिच्या पिशवीतून येत आहे आणि यात काय आहे ते तिला माहीत आहे. तिच्या उजव्या गुडघ्याला तिकडच्याच एका सामन्यात इजा झाली आहे. तिने तुमच्यापासून लपवली आणि कळल्यावर मीही दोन रविवार लपवली. वसईच्या डॉक्टरांनी धावायला मनाई केली आहे. त्यांची चिठ्ठी सोबत आहे. परवा ती साध्या पायरीवरून पडता पडता वाचली.

ऑगस्टच्या निवडीला तिला उभं करू नका. ती नाही म्हणणार नाही. तुमच्या कष्टांपुढे नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, कारण मीही तुम्हाला कधी 'नाही' म्हणालो नाही. आज तिच्यासाठी म्हणतो आहे. तुमच्यामुळे शिकलो, म्हणूनच हे लिहिण्याचं धाडस झालं असं समजा. राग आला तर माझ्यावर काढा.

ती घरी पोचल्यावर आधी गुडघा दाखवून घ्या. बाकीचं नंतर बोला. जमलं तर तिच्याशेजारी बसून बोला, गॅरेजमध्ये जाऊ नका.

ती म्हणते, हे नक्की लिही: मला खेळ सोडायचा नाही, पप्पा. मला थांबायचं आहे.

तुमचा भाचा