बाबांची गाठ कँटोनीजमध्ये

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आम्ही चाळीस बाया मिळून तांदूळ विकतो आणि आमच्या कंपनीची अध्यक्ष मी. हाँगकाँगच्या एका खरेदीदाराने आमचा तांदूळ पसंत केला, पण अट घातली: करार इंग्रजीत आणि कँटोनीजमध्ये, म्हणजे तिकडच्या चिनीत, दोन्ही प्रती सारख्याच पक्क्या. म्हटलं, घ्या! गोंदियात हिंदी मिळेल, पोवारी मिळेल, छत्तीसगढी मिळेल. कँटोनीजवाला कुठून आणू?

माझा सगळा जीव कलम नऊमध्ये होता. ते माझ्या बाबांच्या सांगण्यावरून घातलेलं. बाबा जन्मभर राईस मिलमध्ये हमाल होते, आजही अंगठाच लावतात. त्यांची रीत अशी, की सौदा ठरला की नमुन्याचा तांदूळ फडक्यात बांधायचा. एक गाठ विकणाऱ्याची, तिच्यावर दुसरी घेणाऱ्याची. वाद झाला तर पोटली दोघांसमोरच सोडायची. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याशी आम्ही पोटली बांधली नाही. 'नमुन्यासारखा माल नाही' म्हणून त्याने ट्रक परत पाठवला. दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. बाया रडल्या, मीही रडले.

नेटवर शोधून पहिला अनुवादक धरला. एका दिवसात काम हजर, प्रश्न एकही नाही. कोणाकडून तरी ते परत इंग्रजीत करून घेतलं, तर कलम नऊमध्ये एवढंच उरलेलं: 'नमुना पुरवला जाईल.' गाठी गायब! दुसऱ्यानेही तेच केलं. फोनवर म्हणतो, "मॅडम, ये सब स्टँडर्ड होता है." मी अशी भडकले, की शेजारीण धावत आली.

तिसरी हाँगकाँगचीच एक बाई, करारांचंच काम करणारी. तिने काम घेण्याआधी प्रश्न पाठवला: तुम्ही गोंदियात, खरेदीदार इथे, मग दुसरी गाठ कोण, कुठे मारणार?

मी कपाळावर हात मारला. घेणारा समोर बसलेलाच असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. करार लिहिणाऱ्या आमच्या वकिलानेही.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "यात कायचा इचार करून राहिली? दोन पोटल्या कर. आपली गाठ मारून दोनी धाड. तो त्याची मारन, एक ठेवन, एक वापस देईन." वकिलाने ते इंग्रजी कलमात घातलं, त्या बाईने शब्द न् शब्द कँटोनीजमध्ये उतरवला आणि खरेदीदाराने काही न खोडता सही केली.

परवा करार आला, सोबत पोटली. बाबांनी वरची गाठ चाचपली. "ढिली हाय," म्हणाले, "पन मारली पोट्ट्यानं." मग कँटोनीज प्रत पुढे ओढली. "यात मायी गाठ कोठी हाय?"

मलाही त्यातलं अक्षर कळत नाही. नऊचा आकडा शोधून दाखवला. बाबांनी त्या ओळींवर अंगठा ठेवला, शाई न लावता, आणि बराच वेळ उचलला नाही.