चुका पोटात घालणारी काठी

गोल्फच्या पिशवीतली सर्वांत लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. पहिला दूरचा फटका तिनं मारायचा. तिचं डोकं पोकळ असतं, दोन मुठी एकत्र केल्याएवढं. चेंडू त्याच्या बरोबर मध्यावर बसला तर सुसाट सरळ जातो. नाही बसला तर मारणाऱ्याची अब्रू चव्हाट्यावर येते. हल्ली असे ड्रायव्हर निघाले आहेत की फटका जरा इकडेतिकडे झाला तरी ते सांभाळून घेतात. क्लबच्या वर्कशॉपमधला मिस्त्री त्यांना ‘चुका पोटात घालणारे’ म्हणे. मास्तर त्यांना ‘कुबड्या’ म्हणत, आणि तेही चारचौघांत, हसून. त्यामुळे पुढे पंचाईत झाली.

मास्तर शाळेतले नव्हेत. अठराव्या वर्षी ते आणि मिस्त्री एकाच दिवशी क्लबात गवत कापायला लागले. मिस्त्रीचा जीव यंत्रांत रमला आणि तो काठ्या दुरुस्त करू लागला. मास्तर गवत कापता कापता सभासदांचे फटके बघत, आणि मैदान रिकामं झालं की टाकून दिलेल्या काठीनं तसेच मारून पाहत. सत्ताविसाव्या वर्षी क्लबानं त्यांना नवशिक्यांना शिकवायला उभं केलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. सराव मैदानाच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून दोन खोल्या होत्या. त्या शिकवणाऱ्याला मिळत. शिकवणं थांबलं की महिन्याच्या आत रिकाम्या करायच्या, असा कागद होता. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिच्या घरी सासू-सासरे, दीर, पाच माणसांना एक खोली. तिकडे जाऊन राहण्याचा विचारही कुणी बोलून दाखवला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी सकाळी तोंड धुताना मास्तरांच्या डाव्या हातातून तांब्या गळून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. इस्पितळात नऊ दिवस काढले. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, पाय चालू लागले. डॉक्टर म्हणाले, “नशीबवान आहात. पण डाव्या हाताची पकड मधूनमधून सुटेल, विशेषतः दमल्यावर.” मास्तरांनी त्यातलं पहिलं वाक्य गावभर सांगितलं. दुसरं घरातच राहिलं.

त्याच सुमारास क्लबाला नवा सचिव आला. त्यानं नियम काढला की शिकवणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा समितीसमोर पाच चेंडू मारायचे. दीडशे यार्डांवर चर आहे, त्यापलीकडे तीस पावलांच्या अंतरानं दोन झेंडे. पाचांपैकी तीन चेंडू झेंड्यांच्या मध्ये पडले पाहिजेत. नाही पडले तर शिकवणं बंद. “नियम सगळ्यांना सारखा,” असं सचिव म्हणाला आणि मास्तर सोडून सगळ्यांकडे बघितलं.

मास्तरांची जुनी, लहान डोक्याची काठी वीस वर्षांची. आजारपणानंतर तिनं मारलेला चेंडू चराच्या अलीकडेच मान टाकत होता. परीक्षेला बारा दिवस उरले तेव्हा ते वर्कशॉपच्या दारात जाऊन उभे राहिले.

“एखादी नवी काठी दाखव.”

“कुणासाठी?” मिस्त्रीनं विचारलं.

“तुला काय करायचंय? दाखव म्हटलं ना.”

“कुबडी हवी म्हण की सरळ.”

“तुझं तोंड एकदा त्या शिकंज्यात आवळायला पाहिजे.”

“आवळ. मग तुला काठी कोण निवडून देईल?” मिस्त्री हसत आत गेला आणि दोन ड्रायव्हर घेऊन आला. एक काळा, एक राखाडी. दोन्ही चुका पोटात घालणारे, पण दोघांचं पोट वेगळं. “हे बघ. काळ्याचं वजन मागं सारलंय. चेंडू मध्यावर बसला नाही तरी डोकं हातात फिरत नाही, अंतर फारसं तुटत नाही. पण काठीचं तोंड जिकडे असेल तिकडेच चेंडू जाणार, दिशा तुझी तू सांभाळायची. राखाडीचं वजन आतल्या बाजूला, दांड्याजवळ. चेंडू उजवीकडे पळायला लागला की हा त्याचा कान धरून डावीकडे आणतो.”

“उजवीकडे पळणारे चेंडू नवशिक्यांचे.”

“मी कुठं काय म्हणालो?” मिस्त्रीनं दोन्ही काठ्यांच्या तोंडावर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. चेंडू लागला की तेवढी पावडर उडते आणि फटका कुठं बसला ते दिसतं. “दोन्हीनं पाच-पाच मार. पुसू नकोस. मला खुणा बघायच्यात.”

तेवढ्यात एका सभासदाची हाक आली म्हणून तो गेला.

मास्तरांनी काळ्यानं पाच मारले. चौथ्यापासूनच डाव्या हाताची शेवटची दोन बोटं दांड्यावरून सुटू लागली. गोल्फमध्ये डावा हात वर असतो आणि काठीच्या तोंडाला तोच लगाम घालतो. लगाम सुटला की तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वाहवत जातो. मास्तरांनी हे हजार वेळा दुसऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी काठी उलटी करून पाहिली. पाचही खुणा टोकाकडे, एकमेकींवर चढलेल्या. राखाडीवरही तसंच, फक्त चेंडू तेवढे वळून आत आले होते.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाहीनं दोन्ही तोंडं पुसली. फवाऱ्याची बाटली तिथंच होती, तिनं पुन्हा पावडर मारली. मग खिशातला एक चेंडू काढून बरोबर मध्यावर दाबला. काळ्यावर चारदा आणि राखाडीवर चारदा. पाचवी एकेक खूण थोडी बाजूला केली, म्हणजे खरी वाटावी.

मिस्त्री परत आला. काळा ड्रायव्हर उजेडात धरून त्यानं बराच वेळ बघितला. मग राखाडी बघितला.

“मध्यावर आहेत ना?” मास्तरांनी विचारलं.

“आहेत.”

“मग काळा.”

“राखाडी घे.”

“का? मध्यावर मारणाऱ्याला काळा, हे तूच सांगतोस ना सगळ्यांना?”

मिस्त्रीनं काळा ड्रायव्हर फडक्यानं पुसायला घेतला. मान खाली घालून म्हणाला, “मास्तर, वहिनी भेटल्या होत्या. डाव्या हातातून कप सुटतो म्हणाल्या. दोन फुटले.”

मास्तरांच्या कानशिलाची शीर उडाली. काळा ड्रायव्हर त्यांनी मिस्त्रीच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि निघाले.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. ते दारातूनच म्हणाले, “घरातली भांडी कुणाकुणाला मोजून दाखवलीस?”

“मोजायला उरलीत किती?” तिनं मान वर केली नाही. “आणि मिस्त्रीभावजी परके कधी झाले?”

“आजपासून.”

“बरं. मग उद्या उजव्या बाहीचं बटण तुमचं तुम्ही लावा.”

उजव्या बाहीचं बटण डाव्या हातानं लावावं लागतं. दुसऱ्या दिवशी मास्तर बाही दुमडून मैदानावर गेले.

पुढचे दहा दिवस त्यांनी काळ्यावर घाम गाळला. पहिले दोन दिवस चेंडू उजव्या झेंड्याबाहेर पडत होते. तिसऱ्या दिवसापासून आत पडू लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी दहातले सहा. मास्तरांना वाटलं, हात वळणावर आला. हात होता तिथंच होता. फरक पायांत पडला होता. पायांनी कुणाला न विचारता तोड काढली होती. ते रोज थोडे थोडे डावीकडे तोंड करून उभे राहू लागले होते, म्हणजे उजवीकडे पळणारा चेंडू पळून पळून झेंड्यांच्या मध्ये यावा.

शेजारी शिकवणाऱ्या माणसाला ते दिसलं. तो पस्तिशीचा, मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेला. क्लबात त्याला धाकटे मास्तर म्हणत. “पाय निशाणाच्या डावीकडे वळले की समजावं, माणूस स्वतःला फसवतोय,” हे वाक्य त्यानं याच जागी उभं राहून मास्तरांच्या तोंडून ऐकलं होतं. दोनदा तो जवळ आला. दोनदा “पाणी हवंय का?” एवढंच विचारून गेला.

परीक्षेच्या सकाळी समितीचे तिघे खुर्च्या टाकून बसले. सचिवाच्या मांडीवर फळीला लावलेला कागद. बाकीच्या दोन शिकवणाऱ्यांचं आधीच आटोपलं होतं. दहा-बारा सभासद फिरत फिरत येऊन थांबले. पाण्याच्या टाकीशी मास्तरांची बायको उभी होती, आपण सहज आलोय अशा बेतानं. निकाल सांगायला दूर झेंड्यांपाशी धाकट्या मास्तरांना पाठवलं होतं. हात वर म्हणजे आत, हात आडवा म्हणजे बाहेर.

पहिला चेंडू आत. दुसरा आत. मागून कुणीतरी म्हणालं, “जुनं ते सोनं.” मास्तरांनी तिसरा मांडला. काठी खाली येताना शेवटची दोन बोटं सुटली. चेंडू नेहमीपेक्षा जास्त वाहवला. हात आडवा. चौथ्याच्या वेळी त्यांनी दांडा इतका घट्ट आवळला की मनगटच कडक झालं. चेंडू उजवीकडे चरात गेला. तो बघायला धाकट्या मास्तरांना हलावंही लागलं नाही.

उरला एक.

मास्तर हात झटकत उभे होते तेव्हा गर्दीतून मिस्त्री पुढं आला. बारा दिवस दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. त्यानं फडक्यात गुंडाळलेली काठी काढून मास्तरांपुढे धरली. राखाडी होती.

“चालतं का हे?” एका सभासदानं विचारलं.

सचिवानं कागद वाचला. “काठी बदलता येते. सल्ला देता येत नाही.”

मास्तरांनी काठीकडे बघितलं. बघायला वेळ फार नव्हता, तरी त्यांना तो पुरला. खोल्या, कागद, एक महिना, मुलीच्या घरातली एक खोली. त्यांनी हात पुढे केला.

“काय मास्तर, कुबडी?” मागचा सभासद हसला. वर्षापूर्वी त्याच्या हातातली असलीच काठी बघून मास्तर तसे हसले होते.

“हो. कुबडीच,” मास्तर म्हणाले.

ते चेंडूपाशी उभे राहिले. दहा दिवसांत पाय जसे वळले होते तसेच वळले, डावीकडे. मिस्त्रीनं ते पाहिलं आणि तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत सचिवाचा हात वर झाला. मिस्त्रीनं तोंड मिटलं.

फटका सुरेख बसला. आवाजावरूनच सगळ्यांना कळलं. चेंडू उंच गेला, चराच्या कितीतरी पलीकडे गेला. पाय जिकडे होते तिकडे निघाला आणि काठीनं आपला धर्म पाळून त्याला आणखी डावीकडे ओढलं. डाव्या झेंड्याच्या आसपास पडला. आत की बाहेर, ते इथून कुणालाच कळेना.

धाकटे मास्तर चेंडूपाशी चालत गेले. झेंड्यापासून पावलं टाकली. परत टाकली. मग चेंडूवर वाकून उभे राहिले. इतक्या लांबून त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. हात वर केला असता तर कागदावर तेच लिहिलं गेलं असतं. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांचा हात आडवा झाला.

सचिवानं लिहिलं, सही केली, आणि वाईट माणूस नव्हता म्हणून म्हणाला, “सावकाश आवरा. महिना आहे.”

लोक पांगले. खुर्च्या उचलल्या गेल्या. टाकीपाशी कुणी नव्हतं. मिस्त्री आणि मास्तर दोघंच उरले.

“पाय डावीकडे होते,” मिस्त्री म्हणाला.

“चेंडू सुटल्यावर कळलं.”

“राखाडीनं दहा दिवस खेळला असतास तर सरळ उभा राहिला असतास.”

“हो.”

मिस्त्रीनं काठी परत फडक्यात गुंडाळली. “त्या दिवशीच्या खुणा दाबलेल्या होत्या. मारलेल्या चेंडूची खूण पैशाएवढी पसरते. त्या वाटाण्याएवढ्या होत्या.”

“तुला तेव्हाच कळलं?”

“न कळायला काय झालं? तीस वर्षं तेच बघतोय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझी लाज राखली,” मिस्त्री म्हणाला. “चुकलंच माझं. त्यापेक्षा कपाचं न बोलता खुणांचंच बोललो असतो तर बरं होतं.”

तो वर्कशॉपकडे गेला.

धाकटे मास्तर मैदान ओलांडून आले ते चार हात अंतरावर थांबले. चेंडू त्यांच्या मुठीत होता.

“मास्तर, दोन पावलं बाहेर होता.”

“तुझी पावलं?”

“माझी.”

“तुझी लांब पडतात. माझी तीन झाली असती.” मास्तर बाकावर बसले. डावा हात त्यांनी उजव्यात धरून ठेवला होता. “बस. उभा राहू नकोस असा, मयताला आल्यासारखा. उद्यापासून माझी माणसं तुझ्याकडे येणार. वही आणलीस?”

“वही नाही. फोनवर लिहितो.”

“लिही. सोमवारी सकाळी साडेसहाला बँकेतल्या बाई. खांदा दुखतो पण सांगणार नाहीत. काठी मागं नेताना मान वाकडी झाली की थांबवायचं. त्यांना विसाहून जास्त चेंडू मारू द्यायचे नाहीत, कितीही म्हणाल्या तरी. आठला ते चष्मेवाले. त्यांना बोललेलं सहन होत नाही, त्यामुळे चूक दिसली की शेजारच्याला सांगायची, ते ऐकतात आणि गुपचूप सुधारतात.”

धाकटे मास्तर लिहीत होते. ऊन बाकापर्यंत आलं. मंगळवार झाला, बुधवार झाला. गुरुवारच्या दोघा भावांपैकी थोरल्याला घाई असते आणि धाकटा थोरल्याकडे बघून मारतो, म्हणून दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचं, एवढं सांगून होईपर्यंत टाकीमागच्या दारात बायको आली.

“अहो,” तिनं हाक मारली, “ते मोठं कपाट उघडून ठेवलंय. त्यातलं काय न्यायचं ते एकदा येऊन बघा.”

“येतो,” मास्तर म्हणाले. “शुक्रवार राहिलाय.”